दादा, तुझं ते मेपल सिरप

दादा, तुझी स्तुती ऐकून ऐकून माझे कान किटले. तू गेल्यापासून जुळे सोलापुरातल्या तुझ्या घरी जो येतो तो फोटोसमोर हात जोडतो, आणि मग माझ्याकडे वळून सांगतो, "फार गोड माणूस होता हो." गोड! मी तुझी सख्खी धाकटी बहीण. तुझ्याइतका आखडू, नाकावर माशी बसू न देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण त्या बिचाऱ्यांचा तरी काय दोष? त्यांच्या जिभेवर तू स्वतःच्या हाताने, चहाच्या चमच्याने मोजून, गोडी घातली होतीस. तुझ्या त्या मेपल सिरपची.

काल वहिनींनी दूध ठेवायला फ्रिज उघडला तर मागच्या बाजूला अजून बाटल्या. मेपलच्या पानाच्या आकाराच्या, काचेच्या. अत्तर असल्यासारखा थाट. वहिनी तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, आता ह्याचं काय करू ओ?" मी म्हटलं, गटारात ओता. त्या रडायला लागल्या. मग मलाही रडू आलं, आणि त्याचा मला जास्तच राग आला. तुझ्यासाठी रडायला माझी ना नाही. पण सिरपच्या बाटलीपुढं उभं राहून रडायची वेळ तू आणलीस, हे काही बरं केलं नाहीस.

कॅनडाला सुजाताकडे गेलास तेव्हा तू निव्वळ बँकेतला निवृत्त अधिकारी होतास. परत आलास तो झाडांचा शास्त्रज्ञ होऊन. लेकीकडे राहून आलेली माणसं नातवंडांचे फोटो दाखवतात. तू झाडांच्या बुंध्यांचे फोटो दाखवायचास. भोकं पाडलेले बुंधे, नळी लावलेले बुंधे, बादली टांगलेले बुंधे. कॉलनीतल्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावरची ती रिकामटेकडी मंडळी माना डोलवायची आणि तुला वाटायचं, आपण व्याख्यान देतोय.

ते व्याख्यान मला तोंडपाठ आहे. हिवाळा सरता सरता तिकडं रात्री पाणी गोठतं आणि दिवसा ऊन पडतं. तेवढ्या चार-सहा आठवड्यांत मेपलच्या झाडात रस खेळायला लागतो. मग खोडाला बोटभर भोक पाडायचं, त्यात नळी ठोकायची, खाली बादली लावायची. आता म्हणे बादल्याही गेल्या, झाडाझाडांतून निळ्या नळ्या फिरवतात आणि रस आपला आपण खाली आटवायच्या खोलीपर्यंत येतो. झाड चांगलं चाळीसेक वर्षांचं असावं लागतं. पुढच्या वर्षी जुनं भोक सोडून दुसरीकडे पाडायचं, म्हणजे झाड जखम भरून काढतं. "झाडाला त्रास म्हणून द्यायचा नाही," असं तू डोळे मिटून म्हणायचास. आयुष्यात वहिनींना कधी एक कप चहा करून दिला नाहीस, आणि झाडाच्या त्रासाची एवढी काळजी!

तो रस म्हणे पाण्यासारखा असतो. गोडी लागेल न लागेल इतकीच. तो पसरट कढईत घालून खाली जाळ लावून आटवत बसायचं. चाळीस बादल्या रस आटला की एक बादली सिरप. छपराला फट ठेवलेली असते, तिच्यातून वाफेचा लोट वर जातो आणि सगळ्या रानात गोड वास सुटतो. उतू यायला लागलं की लोण्याचा एवढासा गोळा टाकायचा, फेस खाली बसतो. इथं आलास की तू थांबायचास, ऐकणाऱ्यांकडे एक नजर टाकायचास आणि म्हणायचास, "काय डोकं आहे बघा त्या लोकांचं."

दादा, त्या वाक्याला माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. लोण्याचा गोळा! गुऱ्हाळात काहिलीत उसाचा रस उतू यायला लागला की आपल्याकडचा गुळव्या शेंगतेलाचे चार थेंब टाकायचा आणि फेस गप्प बसायचा, हे तू विसरला होतास? मळी काढणं, रस आटवणं, छपरातनं वाफ जाणं, गुळाच्या थोडं अलीकडे काकवी उतरून घेणं, यातलं काय नवीन होतं तुला? झाडाच्या जागी ऊस आणि बर्फाच्या जागी माढ्याचं ऊन, एवढाच फरक. पण तू अशा थाटात सांगायचास की जणू जन्मात काहिलीखालचं चुलवाण पाहिलं नव्हतंस.

बरं, त्या सिरपची चव तरी काही असावी. मला पहिल्यांदा दिलंस तेव्हा वहिनींच्या गरम धपाट्यावर तू ते धार धरून ओतलंस. धपाट्यावर! लसूण घातलेल्या धपाट्यावर! तिकडचे लोक ते गोड पॅनकेकवर घेतात, दलियावर घेतात, शिजवलेल्या घेवड्यातही घालतात म्हणे. त्यांनी काय घालायचं ते घालू दे. पण तू शिऱ्यावर घातलंस, कडक भाकरीवर घातलंस, एकदा तर शेंगाचटणीत कालवून बघितलंस आणि वर "अप्रतिम" म्हणालास. वहिनींनी तुझ्या पाठीमागे कपाळावर हात मारला होता, तो मी पाहिला.

मी एक घास खाल्ला आणि खरं काय ते सांगितलं. "दादा, याला मेथीच्या लाडवाच्या रिकाम्या डब्याचा वास येतोय."

तुझं ते सगळं सुशिक्षित बोलणं तिथल्या तिथं गळून पडलं. "तुला चव कळत न्हाय," तू म्हणालास. "तू काकवीवर वाढलेली."

"आन तू कशावर वाढला?"

तू ताट सरकवलंस आणि उठून गेलास. भांडण तिथंच अर्धं राहिलं. पुढं जेव्हा जेव्हा मी ते पुरं करायला आले, तेव्हा तू टीव्हीचा आवाज वाढवलास.

तू कशावर वाढलास हे सांगणारी आता मी एकटीच उरले आहे. म्हणून सांगते. तू चिडायला नाहीस, हा एवढाच तुझ्या मरणाचा फायदा.

तू कट्ट्यावर सांगायचास, "माढ्याकडं आमचं गुऱ्हाळ होतं." आमचं! गुऱ्हाळ दुसऱ्याचं होतं, दादा. ऊस दुसऱ्याचा, काहील दुसऱ्याची, गूळ दुसऱ्याचा. आपले आबा खाली खड्ड्यात बसून चुलवाणात चिपाडं सारायचे, तेवढा जाळ मात्र आपला. अख्खा हंगाम त्या धगीपुढं बसून त्यांच्या अंगाचा पुढचा भाग वेगळ्या रंगाचा झाला होता. आईच म्हणायची, "ह्यांना भाजून काढलंय नुसतं." जाळ कमी झाला तर गूळ बसत नाही, जास्त झाला तर करपतो. एवढा सगळा गूळ आबांच्या हातावर अवलंबून, पण आबांचा हात काहिलीला लागलेला चालत नव्हता. आपण बुद्धाला शरण गेलो होतो, घरात तसबीर लावली होती. पण गुऱ्हाळवाल्याच्या लेखी आपण काल होतो तेच आजही होतो.

गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला विन्मुख पाठवायचं नाही, हा रिवाज. वाटेनं जाणारा पाहुणासुद्धा रस पिऊन, काकवी घेऊन जायचा. आपल्यालाही मिळायची. पण आपलं भांडं आपण न्यायचं, जमिनीवर ठेवायचं आणि मागं सरकून उभं राहायचं. मग गुऱ्हाळवाला लांब दांड्याच्या पळीनं वरून ओतायचा. तो गेला की आपण पुढं होऊन उचलायचं. तू जर्मनचं पातेलं घेऊन जायचास आणि मी तुझ्या सदऱ्याला धरून मागं. एकदा तुला धीर निघाला नाही. पातेलं खाली न ठेवता तू तसंच हातात धरलंस. त्यानं वरूनच ओतलं. उकळती काकवी तुझ्या मनगटावर सांडली. तू ओरडलास, पण पातेलं सोडलं नाहीस. आबांनी खड्ड्यातून वर बघितलं, तुझ्याकडे बघितलं, त्या माणसाकडे बघितलं आणि पुन्हा खाली वाकून चिपाडं सारायला लागले. तू आबांना त्या एका गोष्टीसाठी कधी माफ केलं नाहीस. मी केलं. वर येऊन ते काय करणार होते? आणि काही केलं असतं तर आपण कुठं राहणार होतो?

सोलापूरच्या मे महिन्यात, कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत तेव्हा, तू पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून मनगटाशी बटण लावून बसायचास. लोकांना वाटायचं, साहेबी थाट. कुणी डाग पाहिलाच तर तू सांगायचास, मोटारसायकलचा सायलेन्सर लागला. मनगटाला सायलेन्सर! खोटं बोलायचं तर ते तरी नीट बोलावं माणसानं.

आणि तू फसवत कुणाला होतास? कॉलनीतले लोक आडनावावरून ओळखायचं ते पहिल्याच दिवशी ओळखून बसले होते. तुझ्यासमोर माना डोलवायचे आणि घरी जाऊन हसायचे. तुझ्या त्या गुऱ्हाळावर विश्वास ठेवणारी दोनच माणसं होती. एक तू आणि दुसरी सुजाता.

हे सगळं लिहिताना माझ्या हे लक्षात आहे की सातवीनंतर आई मला शाळेतून काढून खुरपायला पाठवणार होती. तेव्हा तू तुझं दप्तर आणून तिच्या पुढ्यात टाकलंस आणि म्हणालास, "ही न्हाय तर मी बी न्हाय." तू तेव्हा पोरगेलाच होतास. दोन दिवस तू खरंच शाळेला गेला नाहीस. आबा म्हणाले, "जाऊ दे तिला." मी शिकले, मास्तरीण झाले, पेन्शन घेतेय, ती त्या दप्तरामुळं. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. म्हणून तर जास्त राग येतो. बहिणीसाठी आईपुढं उभा राहणारा माणूस बापासाठी चार म्हाताऱ्यांपुढं उभा राहू शकला नाही.

आता पुढचं ऐक. हे तुला ठाऊक आहे, पण मला ठाऊक आहे हे तुला ठाऊक नाही.

सुजाता आल्यापासून माझ्यामागे लागली होती. रविवारी तुझ्या जलदान विधीला, सगळे जमतील तेव्हा, तिला विहारात तुझ्याबद्दल बोलायचं होतं. दुपारी स्वयंपाकघरात मी मेथी निवडत बसले होते, तर ती शेजारी येऊन बसली. "आत्या, मी सुरुवात आजोबांच्या गुऱ्हाळापासून करते. बाबांना मेपल का आवडायचं ते त्यातनंच कळतं की नाही?" मी मेथीची दुसरी जुडी पुढं ओढली. काय बोलणार? तुझी लेक, तुझ्या जाण्याचं दुःख. मग तिनं मोबाईल काढला. "हे बघ, बाबांची गंमत दाखवते तुला."

बर्फ. झाडं. लाकडाची खोली, छपरातून वाफ. तिकडं म्हणे गरम सिरप ताज्या बर्फावर ओततात, ते चिकट होतं आणि काडीला गुंडाळून खातात. लोक रांगेत उभे. पुढं एक दाढीवाला गोरा माणूस, हातात लांब दांड्याची पळी. आणि तू. जावयाचा जाड कोट, कानटोपी. तुझा नंबर आला. तुझ्या हातात थर्मासचं झाकण होतं. तू काडी घेतली नाहीस. तू खाली वाकलास, झाकण बर्फावर ठेवलंस आणि दोन पावलं मागं सरकून खाली मान घालून उभा राहिलास.

व्हिडिओत सुजाता हसतेय. "बाबा, काय करताय?" तो दाढीवाला गोंधळून बघतोय. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याच्या हातून पडलं. तो पुढं आला, वाकला, झाकण स्वतःच्या हातानं उचललं, बर्फ झटकला, त्यात सिरप ओतलं आणि तुझा हात धरून तुझ्या हातात दिलं. तू ते धरून तसाच उभा. प्यायचंही सुचलं नाही तुला.

"थंडीनं बाबांच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं," सुजाता म्हणाली. "पण आत्या, ते असे मागे का सरकले? गावाकडची काही पद्धत आहे का, मान द्यायची?"

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. दादा, नालायका, तू हे घेऊन आला होतास तर कॅनडाहून! हे मनात ठेवून तू आम्हाला चाळीस बादल्यांचं गणित सांगत बसलास? मी तुझ्या सिरपला मेथीचा वास येतो म्हणाले तेव्हा तू ताटावरून का उठलास, ते मला आता कळलं. तू ते चवीसाठी खातच नव्हतास. बँकेत साहेब झालास, शिपाई तुला पाण्याचा पेला हातात आणून देत होता. तरी एवढी वर्षं तुझ्या अंगातलं ते पोर भांडं खाली ठेवून मागंच सरकत होतं. आणि एका परक्या माणसानं, ज्याला यातलं काही म्हणता काही ठाऊक नाही, त्यानं ते उचलून हातात दिलं. म्हणून तू त्या पाकाच्या एवढा प्रेमात पडलास. मग तेच सांगायचं होतंस! कट्ट्यावर नको, मला तरी सांगायचंस. त्या पातेल्याच्या वेळी तुझ्यामागे सदरा धरून मीच उभी होते. माझ्याशिवाय हे कुणाला कळणार होतं? पण नाही. साहेबांना लोण्याच्या गोळ्याचं कौतुक.

माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. सुजाताला म्हणायचं, व्हय बाई, मान द्यायची पद्धत, आणि मेथी निवडायची. मग विहारात ती माईकवर आजोबांचं गुऱ्हाळ सांगणार, लोक टाळ्या वाजवणार आणि आबा कायमचे पुसले जाणार. मी गेल्यावर तर त्या खड्ड्यात कुणी माणूस बसत होता हे सांगायलाही कुणी उरणार नाही. दुसरी वाट म्हणजे तिला खरं सांगायचं आणि तिच्या मनातला तिचा बाप फोडायचा. तूही नसताना. तू असतास तर मी बेधडक सांगितलं असतं, तुझ्या तोंडावर. मेलेल्या माणसाशी भांडणं मला अवघड गेलं, हे कबूल करते.

मी सांगितलं. सगळं. खड्डा, पळी, पातेलं, मनगट. संपल्यावर तिनं तो व्हिडिओ पुन्हा लावला, आवाज बंद करून. स्वतःचं हसू तिला ऐकवलं नसणार. मग उठून वहिनींच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. वहिनी मला म्हणाल्या, "कशाला सांगितलंत ओ? त्यांनी मला पण बोलू दिलं न्हाय कधी." म्हणजे वहिनींनाही ठाऊक होतं! घरात दोघी जणी एकच गोष्ट गिळून बसलो होतो, आणि तू मधे बसून टीव्ही बघत होतास.

रविवारी विहारात आधी कट्ट्याचे अध्यक्ष बोलले. साहेबांच्या घराण्याचं गुऱ्हाळ होतं, म्हणूनच त्यांच्या वाणीत गोडवा, वगैरे. कुणी मेलं की या माणसाला कंठ फुटतो. मग सुजाता उठली. तिनं कागद आणला नव्हता. मला वाटलं, आता ही काय करते.

ती म्हणाली, "ते गुऱ्हाळ आमचं नव्हतं. माझे आजोबा तिथं चुलवाणात जळण घालायचे. त्यांना काहिलीला शिवायची परवानगी नव्हती. माझ्या बाबांना काकवी जमिनीवर ठेवलेल्या भांड्यात, लांबून मिळायची. बाबांनी हे मला कधी सांगितलं नाही. त्यांनी सांगायला हवं होतं." एवढं बोलून ती खाली बसली. आबांचं नाव तिनं घेतलं, पूर्ण नाव, आडनावासकट. माईकवर आबांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

दादा, मी तुझ्या कट्ट्याकडे बघत होते. तू जन्मभर ज्यांच्यासाठी मनगटाचं बटण लावलंस, ते आता काय करतात म्हणून. अध्यक्ष छताकडे बघायला लागले. तुझ्या शेजारचं जोडपं जेवणाआधीच काही काम निघालं म्हणून गेलं. ते एरवीही तुझ्याकडे पाणी पीत नव्हते, तू ते बघायचं टाळलंस एवढंच. बाकी सगळे थांबले. भन्तेजींनी गाथा म्हटल्या. मग पंगत बसली. पुरी, भाजी, वरण-भात, बुंदी.

मी वाढायला होते. तुझा तो दोस्त, तुझ्या शेजारी बसून रोज पेपर वाचायचा तो, पंगतीत होता. मी भात वाढायला वाकले तशी त्यानं मान वर केली.

"म्याडम, वडील चुलवाणावर होते व्हय?" तो म्हणाला. "लई पोळत असंल की."

"व्हय," मी म्हटलं. "लई."

त्यानं मान हलवली. मग भातावर बोटानं खळगं केलं आणि वरण मागितलं.

एवढंच. या एवढ्या प्रश्नाला तू जन्मभर भ्यायलास, दादा. मूर्खा, त्याचं उत्तर मला द्यावं लागलं.